पूजेला दिलेली सायकल

मी, आदिनाथ सुंदरराव शिनगारे, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा पिठाची गिरणी, राहणार मौजे चिंचखोरी, तालुका धारूर, जिल्हा बीड, महादेवाचे स्मरण करून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. पुढच्या आठवड्यात लातूरला त्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणाले. मी करत नाही, पण घर झाडून मग गावाला जायची मला सवय आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. वकीलसाहेबांनी मसुदा करून दिला होता. त्यात सगळे होते, फक्त मी कुठे नव्हतो. म्हणून त्यांना विचारून तो पुन्हा माझ्या हाताने लिहिला आहे.

१. माझे राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी पत्नी मंगल हिचे. तिच्यानंतर आमची एकुलती मुलगी संस्कृती हिचे. देव्हारा हलवू नये. मंगलने एकादशीचे उपास आता कमी करावेत. तिला पित्त होते आणि ती सांगत नाही.

२. गिरणी मंगलची. चालवायला माणूस लागेल. माझा पुतण्या सुरज याची इच्छा असेल तर आधी त्याला विचारावे. त्याच्यावर माझा राग नाही. दगडाला टाकी लावायची छिन्नी आणि हातोडी गिरणीसोबत राहील. ज्वारीवर गहू दळताना पहिले पीठ बाजूला काढावे, गिऱ्हाईक बघत नसले तरी.

३. माझे टाळ महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळाला. अट एकच, पेटी वाजवणाऱ्याने अभंग पळवू नये. हे मी त्याला तोंडावर अनेकदा सांगितले आहे. आता लेखी सांगतो.

४. पाने, पेचकस, चेन तोडायचे हत्यार आणि छर्ऱ्यांची डबी इसाकभाई यांना परत द्यावी. धारूरच्या बाजारात त्यांचे सायकलचे दुकान आहे. ही हत्यारे त्यांनी मला वापरायला दिली होती आणि परत कधी मागितली नाहीत. ती कशासाठी दिली, ते पुढे लिहितो, कारण त्याशिवाय हे मृत्युपत्र कोणाला समजणार नाही.

५. माझे वडील कै. सुंदरराव पोस्टमन होते. तलावाच्या कामावर आलेल्या एका इंजिनिअरने बदली झाल्यावर आपली शर्यतीची सायकल त्यांना दिली. बारीक टायर, दहा गिअर, एडक्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल. त्या हँडलवरून गावाने तिचे नाव एडका ठेवले. वडिलांनी तिच्यावर बसून आयुष्यभर टपाल वाटले. ते गेल्यावर ती गिरणीच्या माळ्यावर पडली. आम्ही भाऊ वेगळे झालो तेव्हा थोरले बंधू हनुमान, ज्यांना मी दादा म्हणतो, यांनी विहिरीकडचे शेत घेतले आणि माळ्याकडे बोट करून म्हणाले, "ते भंगार तूच ठेव बाबा." त्या वेळी पंच म्हणून आप्पाराव हजर होते. ते अजून आहेत आणि त्यांना आठवते.

चार वर्षांपूर्वी संस्कृती नर्सिंग शिकायला बाहेर गेली, घर सुने झाले, तेव्हा मी एडका खाली काढला. मला सायकलमधले पंक्चरपलीकडे काही कळत नव्हते. पहिल्याच दिवशी डावे पायडल काढायला पान्यावर उभा राहून जोर लावला. ते हलेना. सायकल इसाकभाईकडे नेली, तर ते हसून हसून खाली बसले.

"अबे आदिनाथ, डावं पायडल उलटं खुलतं! तू सकाळधरनं ते घट्ट करायलास."

"मग आधी सांगायचं की, भाई."

"तू इचारलंस कव्हा? तुझ्या बापानं बी हेच केलतं. बसा आता दोगंबी बाप-लेक."

पुढचे चाक खोलले तर छर्रे पिठात सांडले. मंगलच्या चाळणीने पीठ चाळून एक एक वेचला. त्या पिठाच्या भाकरी आम्ही घरीच खाल्ल्या, गिऱ्हाइकाला दिल्या नाहीत. चेन घासलेटमध्ये भिजवली. मागचे चाक फिरताना डुलत होते, तो आऊट काढायला इसाकभाईंनी मला तारा आवळायला बसवले आणि स्वतः चहा पीत "जास्त झालं, कमी झालं" म्हणत राहिले. गंज घासल्यावर खालून निळा रंग निघाला, आभाळाचा असतो तसा, पण जुना. मी म्हणालो, नवीन रंग मारू. इसाकभाई म्हणाले, "न्हाई. जेवढा बापाचा राहिलाय तेवढा राहू दे." मी तो राहू दिला. सीट चामड्याची होती. टपालाची पिशवी वडील डाव्या खांद्याला लावत, म्हणून ती डावीकडे जास्त दबली आहे. मी पहिल्यांदा तिच्यावर बसलो तेव्हा त्याच खड्ड्यात बसलो. ती सीट चढावर कुरकुरायची. दुरुस्त केली नाही.

६. हे कलम नीट वाचावे.

आमच्यात भाऊ वेगळे झाले तरी खंडेनवमीची पूजा थोरल्याच्या घरी एकच मांडतात. दादाची कुऱ्हाड, विळे, ट्रॅक्टर. माझी छिन्नी, हातोडी. एडका तयार झाला त्या वर्षी तोही न्यावा असे मला वाटले. त्याने वडिलांचे पोट भरले होते, आमचेही. चामडे पूजेत मांडायचे नाही हे आईने आम्हा दोघांना शिकवले होते, म्हणून मी सीट काढून गिरणीत ठेवली. दादाच्या अंगणात मी एडका उभा केला, हळद-कुंकू वाहिले. सीट नसलेल्या नळीवर दादाने स्वतः झेंडूचा गुच्छ खोवला. मला बरे वाटले. पूजेतले हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत, म्हणून मी सायकल तिथेच सोडली.

दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन गेलो, तर कुऱ्हाड होती, विळे होते, सायकलच्या जागेवर नुसते हळदीचे ठिपके होते.

"दादा, सायकल?"

"आधी सोनं घे. बस."

"सायकल कुठं हाय?"

"सायबाच्या हाटेलात. आज मुहूर्त हुता. त्यानला लई आवडली, भिंतीवर लावायला. तुझंच नाव घेतलं की माइकवर! टाळ्या बी पडल्या. कावून तोंड पाडलंस?"

"मी पूजेला दिलती."

"अरं, सुरजला संस्थेत लावतो म्हणलेत. आन् तू या वयात काय शर्यतीला जाणार हायेस?"

आपट्याची पाने माझ्या हातात तशीच राहिली. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. मी घेतला नाही. भावाच्या घरून चहा न घेता उठलो, असे माझ्या आयुष्यात एकदाच घडले.

हॉटेल आणि संस्था ज्या पुढाऱ्याची, त्या साहेबांचे नाव लिहीत नाही. त्यांना कोणी दिले, त्यांनी घेतले. मी एकदा त्या हॉटेलात गेलो. एडका भिंतीवर उंच टांगला आहे. त्याला सोनेरी रंग मारला आहे, चाकांच्या तारांनाही. वर प्लॅस्टिकची सीट आहे. खाली पाटी आहे: "श्री. आदिनाथ शिनगारे यांच्याकडून सप्रेम भेट." वेटरने विचारले, "काका, काय आणू?" मी चहा मागवला, कारण नुसते बघत उभे राहणे बरे दिसेना.

त्याच दिवाळीनंतर संस्कृतीला सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. ती स्वतःच्या मार्कांवर लागली. पण पाटी गावाने वाचली होती. माझ्याच गिरणीत, माझे पीठ पिशवीत भरून घेताना एकजण म्हणाला, "सायकल चांगली फळाला आली की, आदिनाथराव." दादा शेजारी उभे होते. सायकल गेली ती मी सोसली. पण माझ्या मुलीची मेहनत त्या पाटीखाली गेली आणि ज्याला खरे माहीत होते तो गप्प राहिला, हे मला सोसले नाही. सुरज अजून घरीच आहे. हे मी आनंदाने लिहीत नाही.

म्हणून जाहीर करतो: सदर सायकल माझ्या एकट्याच्या मालकीची आहे. ती मी पूजेला दिली होती, भेट कोणालाही दिलेली नाही. ती मी संस्कृतीला देतो. माझ्या ताब्यात नसली तरी देतो. ती आणायला तिने कोणाच्या दारात उभे राहावे असे माझे म्हणणे नाही. फक्त त्या पाटीवरचे माझे नाव काढायला लावावे.

७. सीट माझ्याकडे आहे, ती संस्कृतीची. वर्षातून एकदा खालच्या बाजूने एरंडेल लावावे, जास्त नाही. खड्डा सपाट करू नये.

८. मला काही झाल्यास अग्नी संस्कृतीने द्यावा. दादा खांदा द्यायला आले तर कोणी अडवू नये, कोणी टोमणा मारू नये. ते आले नाहीत तर बोलावणे पाठवू नये.

९. दादांना मी या मृत्युपत्रातून काहीही देत नाही. यात सूड नाही. वकीलसाहेबांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला दादा साक्षीदार म्हणून हवे आहेत. कायद्याला दोन सह्या पुरतात, त्या आप्पाराव आणि गीताबाई करतील. तिसरी जागा दादांसाठी ठेवली आहे. त्यांनी सही करण्याआधी हे सर्व त्या दोघांसमोर मोठ्याने वाचावे. वाचायचे नसेल तर सही करू नये, जागा मोकळी ठेवावी. संस्कृतीला त्यातूनही कळेल.

हे मी माझ्या खुशीने, पूर्ण वाचून, समजून लिहिले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. देवाने सांभाळले तर ऑपरेशननंतर परत येऊन गिरणी सुरू करीन. पण यातला एक शब्दही तेव्हा बदलणार नाही.

ठिकाण: धारूर
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

(सही) आदिनाथ सुंदरराव शिनगारे

आमच्यासमक्ष लिहून देणाऱ्याने सही केली, व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

१. (सही) आप्पाराव तिडके, राहणार चिंचखोरी. वाटणीच्या वेळी मी पंच होतो. भंगार म्हणून सायकल आदिनाथकडे गेली, हे बरोबर आहे.

२. (सही) गीताबाई मुंडे, अंगणवाडी सेविका, राहणार चिंचखोरी.

३. (सही) हनुमान सुंदरराव शिनगारे. मोठ्यानं वाचलं. सहाव्या कलमाला दोनदा थांबलो. सायकल आदिनाथनं पूजेला दिली होती. भेट मी दिली.