बघायचं नाही

५ फेब्रुवारी, सोमवार

आज तिसरीच्या वर्गात नऊ पोरं मेली. दोन प्रार्थनेनंतर, चार गणिताला, उरलेली डबा खाताना. धाडकन पडायचं, डोळे पांढरे करायचे, सगळे जमले की उठून ओरडायचं — "फसलात!" कुठल्याशा व्हिडिओत दोन भाऊ असं करतात म्हणे. मी दर वेळी धावते. दर वेळी फसते. केस पिकले तरी अक्कल येत नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

एकाचा पुढचा दात पडला. पडता पडता बाकावर आपटला. रक्त आलं तर बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या — एकदम खरं वाटतंय म्हणून.

त्याचे बाबा आले ते माझ्यावरच डाफरले. "शाळेत लक्ष कुणाचं असतं?" घरी मोबाइल कोण देतं, हे अगदी ओठांवर आलं होतं.

मग मुख्याध्यापिकांनी बोलावलं. आठ-दहा दिवसांत हे बंद झालं नाही तर वर्ग काढून घेणार. बावीस वर्षं शिकवतेय मी! पोरांना काही होईल याची भीती आहेच, पण खरं सांगायचं तर आज जास्त राग आला तो या बोलण्याचा.

८ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना नवरा म्हणाला, "बघायला कुणी नसलं की नाटक बंद पडतं." बोलतो कमी, पण लाखमोलाचं बोलतो. वर्गात गेल्या गेल्या नियम केला. कुणी पडलं तर बघायचं नाही. थांबायचं नाही, हसायचं नाही, सरळ पुढे जायचं. तीन वेळा म्हणून घेतलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

तीनच पडले. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. एक जण तर पाच मिनिटं पडून होता. शेवटी आपणच उठला, पँट झटकली, रडवेला होऊन जागेवर बसला. उठून जवळ जावंसं वाटत होतं — खुर्ची घट्ट धरून बसून राहिले.

माझ्या मागे मागे फिरणारी एक पोरगी आहे, शेपूट म्हणते मी तिला. घरी जाताना म्हणाली, "बाई, मी एकदापण पडले नाही." म्हटलं, शहाणी आहेस.

१६ फेब्रुवारी

शून्य! मुख्याध्यापिका स्वतः येऊन बघून गेल्या. सोमवारी सगळ्या शिक्षकांना ही युक्ती मी समजावून सांगायची आहे. घरी आले ती गुणगुणतच.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीच्या कार्यक्रमानंतर सांगितली. छान झालं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मधल्या सुट्टीत शेपूट जिन्यावरून पडली. खाली निपचित पडून होती, आणि माझा अख्खा वर्ग तिला वळसा घालून रांगेत वर आला. गप्प. तिची जागा रिकामी दिसली तेव्हा मी विचारलं. दात पडलेला उठून म्हणाला, "ती खाली पडलीये, बाई. खूप वेळ झाला. पण आम्ही कुणीच बघितलं नाही."

अजून शुद्धीवर आलेली नाही. हॉस्पिटलमध्ये तिच्या आईनं माझा हात धरला. "तिच्याजवळ कुणीच नव्हतं का हो?"

मी म्हटलं, "नाही. कुणीच नव्हतं."