गाडीला होऽ म्हणायचं की नाही

वन्सं,

घोडीला पाणी पाजून झालं होतं, हे चाकाच्या आसाला तेल देत होते, आणि मी ओलं फडकं घेऊन टांग्याची पुढची फळी पुसत होते. आठवते ना ती? घोडीच्या टापांनी उडालेला चिखल आत बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून लावलेली. आपण तिला चिखलफळी म्हणायचो. हे म्हणाले, "नीट पूस गं, लोकांना आधी ती दिसते, मग मी." मी म्हणाले, "म्हणूनच पुसते." बस. त्या सकाळी आणखी काहीही घडलं नाही. पण आज गाडीत बसले आणि नेमकी तीच सकाळ समोर आली, त्या नादात तुम्हाला नमस्कार करायचा राहून गेला. तो आता करते, वाकून, जेवढं वाकता येतं तेवढं. गुडघे कसे आहेत? सुनेकडून तेल चोळून घ्यायला लाजत जाऊ नका. इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. (घाबरून उठून यायचं कारण नाही. हाडं शाबूत आहेत.)

गाडी म्हणजे यांची टॅक्सी. घोडी म्हातारी होऊन गेली, टांगा मोडीत निघाला, टॅक्सी आली, पण यांचा टांगा काही सुटला नाही. चढ लागला की जिभेने च्क्‌ च्क्‌ करायचे. टांग्यात बैठकीखाली वैरण असायची, म्हणून टॅक्सीतली सामानाची जागाही यांच्या लेखी वैरणच. सुटाबुटातला पाहुणा बॅग घेऊन उभा असायचा आणि हे त्याला म्हणायचे, "साहेब, वैरणीत टाका की." हे गेल्यापासून गाडी अंगणात उभी आहे. मी रोज पुसते. गेल्या महिन्यात तुमच्या भाच्याने गिऱ्हाईक आणलं. त्याचंही चुकत नाही, उभी गाडी सडते. तो म्हणाला, "आई, आता कोण चालवणार आहे ती?" मी भाजी निवडत होते. तोंडातून निघून गेलं, "मी." तो हसला. मी भाजी बाजूला ठेवली, तेव्हा हसायचा थांबला. मग ठरलं ते असं, की गाडी मी स्वतः टपालपेटीपर्यंत न्यायची आणि काहीही न पाडता थांबवायची. जमलं तर गिऱ्हाईकाला नकार, नाहीतर गाडी त्याची.

तुम्हाला माझी खोड ठाऊक आहे. पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं जुळवत वाचायला शिकले तेव्हापासून कुठलंही काम आधी वाचल्याशिवाय मला धीर होत नाही. वाचनालयातून जाडजूड शब्दकोश आणला. गाडी कशी चालवतात ते त्यात नव्हतं, पण वन्सं, वाचता वाचता माझी आमटी करपली! लोकांनी घोडा तेवढा सोडून दिला आणि नावं तशीच ठेवली. डॅशबोर्ड डॅशबोर्ड म्हणून मिरवतात ती आपली चिखलफळीच. आता तिच्यावर घड्याळं बसवली एवढंच. डिकी म्हणजे बग्गीच्या मागची नोकराची बैठक. (तिथे आता सुटे टायर बसतात.) कॅब म्हणजे एका घोड्याची हलकी गाडी, तुमची नातवंडं फोनवरून मागवतात ती. बग्गीत तान्ही बाळं घालून आया ढकलत नेतात, म्हणजे घोड्याच्या जागी आई, त्यात काही नवीन नाही. आणि कोच ही चार घोडे जोडायची मोठी गाडी, पण शिकवणाऱ्या मास्तरांनाही कोच म्हणायला लागले. आमचे ड्रायव्हिंगचे मास्तर अंगाने असे आहेत की त्यांना चार घोडे लागतीलच. हे सगळं यांना सांगायला हवं होतं. इतके हसले असते, आणि मग म्हणाले असते, "मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो."

तर मास्तर शेजारी, मी स्टिअरिंगच्या चाकापाशी, आणि भोवती रिकामं मैदान. शिकाऊ परवाना पर्समध्ये. (फोटोत मी रागावलेली दिसते, पण ते डोळ्यांत ऊन आलं होतं.) गाडी छान चालली होती. समोर वाळूचा ढीग दिसला तसे मास्तर ओरडले, "थांबवा!" मी थांबवली, म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे थांबवली. चाक दोन्ही हातांनी छातीशी ओढलं, मागे रेलले, दोन्ही पाय पुढे रेटले आणि मोठ्याने म्हणाले, "होऽऽ!" टांगा असता तर जागच्या जागी उभा राहिला असता. पण रेटलेल्या पायांतला एक नको त्या ठिकाणी होता. गाडी उधळली, अर्धी ढिगावर चढली आणि आचका देऊन बंद पडली. मास्तरांचा चष्मा चिखलफळीवर, मास्तर चष्म्याच्या मागोमाग.

"काकू, लगाम नाहीये हो तो!"

"मला माहीत आहे. हातांना माहीत नाही."

"आणि होऽ कुणाला म्हणता? गाडीला कान असतात का?"

"नसतात, तर आमचे हे रोज सकाळी तिच्याशी काय बोलत होते?"

मास्तरांनी दार उघडलं. मग खाली उतरून आम्ही दोघांनी हातांनी वाळू उपसली. बिचारा माणूस चांगला आहे. उपसता उपसता त्याने विचारलं, "काय बोलायचे?" मी म्हटलं, "आधी तिच्याशी बोलायचे, मग माझ्याशी. मला हेवा वाटायचा." आता दोघी गप्प असतो.

उद्या पेटीची फेरी आहे. मोठ्यांना साष्टांग नमस्कार सांगा, लहानांना जवळ घ्या.

तुमची वहिनी

ता. क. वर लिहिलं की यायचं कारण नाही. ते तुमच्या गुडघ्यांकडे बघून लिहिलं. कारण आहे. नवा टांगा असो की टॅक्सी, मागे बहीण बसल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा यांचा हट्ट. दोन्ही वेळेला तुम्हीच बसलात. उद्याची फेरी मी पहिली धरणार नाही. गाडी राहिली तर या, आणि मागे बसा. मोडली तरी या.

पुन्हा ता. क. हे दुसऱ्या दिवशी, पेटीसमोर, चिखलफळीवर कागद ठेवून लिहिते आहे. मास्तर शेजारी डोळे पुसताहेत, घामाने म्हणतात. तुमचा भाचा गाडीच्या बरोबरीने पायी आला. मध्ये पुढे जाऊन आमची वाट बघत उभाही राहिला. आता पलीकडे गिऱ्हाईकाला फोनवर नाही म्हणून सांगतो आहे. मी विशेष काही केलं नाही. सकाळी गाडी पुसली, फाटकाबाहेर काढली, पेटीपाशी आल्यावर पाय ब्रेकवर ठेवला, आणि हळूच होऽ म्हणाले.