तीन हजार चारशे बारा वाचक

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.१५
ब्राउझर अपग्रेड केला. सहा महिने कोपऱ्यातून 'अपडेट करा, अपडेट करा' असा धोशा चालला होता. माणसाने काळाबरोबर राहायला हवं. विशेषतः ज्याच्या शब्दकोड्यांच्या वेबसाइटला ३४१२ वाचक आहेत, त्याने.

१०.४०
साइटवर अक्षरं दिसत नाहीत. प्रत्येक अक्षराच्या जागी चौकोन. शीर्षक चौकोन, सूचना चौकोन, माझं नाव चौकोन. हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, शब्दकोडंच आहे ना, चौकोन असायचेच. हिला कॉम्प्युटर दाखवायचा नाही, असा आजपासून नियम.

११.०५
त्याहून भयंकर. पानाखालच्या काउंटरवर आकडा एक. काल ३४१२ होता. दोन वर्षं दर सोमवारी न चुकता कोडं देतोय, आणि एका सकाळीत माणसं गेली कुठे? येत्या १६ तारखेला, रविवारी, वाचक मेळावा आहे. हॉल ठरलाय, साठ खुर्च्या सांगितल्यात. आमंत्रण साइटच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आहे. म्हणजे होतं. आता ठळक चौकोन आहेत.

मंगळवार, ४ मार्च
शांत डोक्याने घ्यायचं ठरवलं. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली. गळती शोधणं रक्तात आहे. पान लहान केलं, चौकोन लहान झाले. मोठं केलं, मोठे झाले. म्हणजे पान माझं ऐकतंय. अर्धी लढाई जिंकली.

संध्या. ५
काउंटर १९. वाचक परत येताहेत. गंमत म्हणजे दर वेळी मी बघायला जावं आणि नेमका एक वाढलेला असावा. दुपारी तीन तास झोपलो, तेवढ्यात मात्र कोणी फिरकलं नाही. वाचकसुद्धा दुपारी पडत असणार.

गुरुवार, ६ मार्च
ब्राउझर काढून पुन्हा टाकला. चौकोन जिथल्या तिथे, काउंटर परत एकवर. हात दाखवून अवलक्षण. ही म्हणाली, साडूंना फोन करा. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कॉम्प्युटरमध्ये नोकरीला आहेत, आणि ते कोणी विसरू नये याची दर भेटीत काळजी घेतात. म्हटलं, त्यांना फोन करण्यापेक्षा मी हे खोकं विहिरीत टाकेन. जवळपास विहीर नाही, हे हिने लक्षात आणून दिलं.

शुक्रवार, ७ मार्च
ब्राउझरच्या कंपनीला कडक ईमेल लिहिला. आपल्या हलगर्जीपणामुळे हजारो सुशिक्षित लोकांची गैरसोय होत आहे, वगैरे. उत्तर दोन सेकंदांत. पत्र मिळालं, धन्यवाद, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. दोन सेकंदांत दखल घेतली, म्हणजे तिकडे चांगलीच धावपळ उडालेली दिसते.

सोमवार, १० मार्च
कंपनी गप्प. तरी या आठवड्याचं कोडं दिलं. नेहमीप्रमाणे फोल्डरमध्ये सेव्ह केलं, जगापुढे गेलं. जगाला चौकोन दिसले असतील, पण नेम चुकवला नाही. मेळाव्याची चिठ्ठी खालच्या दुकानात लावू का, असं ही विचारत होती. म्हटलं, चिठ्ठी चार घरं वाचतात, वेबसाइट जगभर. ही कुकर लावायला आत गेली. तिला पटलं असावं.

बुधवार, १२ मार्च
झोप नाही. घास उतरत नाही. चार दिवस राहिले. केबल काढून पुन्हा लावली, स्क्रीन ओल्या फडक्याने पुसला, कॉम्प्युटरची दिशासुद्धा बदलून पाहिली. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो, त्याच्या कॉम्प्युटरवर साइट उघडायला सांगितली. पत्ता मला तोंडपाठ. सी, दोन टिंबं, तिरकी रेघ, डॉक्युमेंट्स, तिरकी रेघ, कोडी. उघडेचना. तो खाली मान घालून हसला. म्हणजे त्यानेही अपग्रेड केलंय. साथ पसरत चालली आहे.

शुक्रवार, १४ मार्च
आज स्क्रीनसमोर बसून रडलो. लिहायला लाज वाटत नाही, ही वही कोण वाचतंय. निवृत्त झाल्यापासून आमचा फोन वाजतो तो राँग नंबर म्हणून. ऑफिसातले लोक रस्त्यात दिसले तर घड्याळ बघतात. सकाळी तो आकडा वाढलेला दिसला की आंघोळीला जावंसं वाटायचं. परवा साठ खुर्च्यांवर कोणी बसलं नाही तर मी कोणाला तोंड दाखवू? हिने मला न विचारता साडूंना फोन केला. उद्या येताहेत. मी रागावलो नाही. रागवायचं त्राण नव्हतं.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळ
साडू आले. अर्ध्या मिनिटात अक्षरं परत. माझा फॉन्ट फार जुना, नव्या ब्राउझरला तो ओळखता येत नव्हता, एवढंच. मी म्हटलं, चला, सुटलो. मग साडूंनी विचारलं की साइट इंटरनेटवर कधी चढवली. म्हटलं, दर सोमवारी, फोल्डरमध्ये. त्यांनी पुन्हा विचारलं. म्हटलं, पान ब्राउझरमध्येच उघडतं, मग ते इंटरनेट नाही तर काय.

साडू हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात सांगितलं की पानं याच खोक्यात आहेत, आमच्या मागच्या खोलीत, दोन वर्षं. बाहेरच्या कोणाला ती दिसणं शक्य नाही. काउंटर काय मोजतो, तर या कॉम्प्युटरवर पान कितीदा उघडलं ते. नवा ब्राउझर आला म्हणून मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. मी मनातल्या मनात भागाकार केला. रोज चार-पाच वेळा. मीच.

साडू चहा न घेता गेले. हॉलवाल्याला नको म्हणून कळवू का, असं हिने विचारलं. म्हटलं, राहू दे, एखादा तरी येईल. कुठून येईल, हे तिने विचारलं नाही.

रविवार, १६ मार्च
वेळ दहाची. साठ खुर्च्या, रांगा अगदी सरळ. मी टेबलामागे, ही पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन. सव्वाअकरापर्यंत कोणी नाही. हॉलचा व्यवस्थापक दोनदा डोकावला. दुसऱ्यांदा मागच्या रांगांवरचे पंखे बंद करून गेला.

मी उठलो, म्हटलं चल घरी. ही उठली नाही. म्हणाली, वाचक मेळावा आहे ना, मग मला बोलायचंय. मी सकाळी फिरायला गेलो की ती पान उघडते आणि कोडं कागदावर उतरवून घेते. पहिल्या कोड्यापासून. तीन हजार चारशे बारांतले शंभरएक माझे असतील, म्हणाली.

आभाराचं भाषण खिशात होतं, ते काढायला लागलो.

तर म्हणाली, ते असू दे. बेचाळिसाव्या कोड्यात सात उभं बसतच नाही, कितीदा करून पाहिलं.

पर्समधून कागद काढून तिने पुढे ठेवला. अर्धा तास दोघं डोकं घालून बसलो. तिचं बरोबर आहे. एक चौकोन कमी आहे.