अंगाऱ्याचं बोट

१२ ऑगस्ट
तिरुमलाला डोकं देऊन दोन महिने झाले. कडेने केस आले, टाळू उघडीच राहिली. मनीचं बाळंतपण नीट पार पडू दे, मग केस वाहीन, असं बोललो होतो. पार पडलं. लेक आणि नात दोघी सुखरूप. केस दिले, आनंदाने दिले. मग रोज आरशात काय बघतो?

नव्या मॅनेजरने आज विचारलं, रिटायरमेंटला किती राहिलं? अजून नऊ वर्षं आहेत. कारखान्याच्या शेडमधले सगळे हसले. सेल्वम आता मला 'ताता'च म्हणतो. ताता म्हणजे इकडच्या भाषेत आजोबा. तो आहेच मी. पण

१९ ऑगस्ट
सेल्वमने सांगितलेलं केस वाढायचं औषध आणलं. त्याच्या भावाला गुण आला म्हणे. दिवसातून दोनदा ड्रॉपरने टाळूवर सोडायचं, बोटांनी चोळायचं. स्पिरिटसारखा वास. बाटली देवघराच्या खणात, कापराच्या डबीमागे ठेवली. पूजा मी करतो, तो खण दुसरं कुणी उघडत नाही.

सौ.ला सांगितलं नाही. ती हसेल म्हणून नव्हे. देवाला दिलेलं मी बाटलीतून परत मागतोय, हे कुठल्या तोंडाने सांगू?

५ सप्टेंबर
आता सवय झाली. गिंडीच्या कारखान्यातून सातला घरी, हातपाय धुणं, औषध, मग दिवा. दिवा लावला की नातीच्या, अनूच्या, कपाळाला अंगारा लावतो आणि तिला घेऊन स्तोत्र म्हणतो. मी मान खाली घातली की टाळूला तोंड लावते, चोखत बसते.
मनी म्हणाली, "बाबा, तिला तुमचं टक्कल पेढ्यासारखं वाटतंय."
दिवसातली ही अर्धी घटका माझी.

२८ सप्टें.
लव दिसते. सेल्वमने मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. "भात उगवलाय, ताता." लाज वाटली. पण खूश झालो, खोटं कशाला लिहू.

६ ऑक्टो.
न्हाऊ घालताना सौ.ने दाखवलं. अनूच्या कपाळावरची लव काळी झालीय. गालांवरही थोडी. "जावळासारखंच, जाईल," म्हणाली. पिठाचा गोळा फिरवला. पोर रडून लाल झाली.

१७ ऑक्टो.
गेली नाही, वाढली. भुवयांपासून केसांपर्यंत कपाळ भरून आलं. पाठीवरही. मनी तिला टोपी घालून ठेवते, या उकाड्यात.

पुण्याहून तिच्या सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. टोपी काढायला लावली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे असं कुणाला नाही. पोटुशी असताना काय काय गोळ्या घेतल्यास, सगळं लिहून काढ." मनी वही घेऊन बसली. लोहाच्या, कॅल्शियमच्या, एकदा खोकल्याचं औषध. तेच पुन्हा पुन्हा लिहिते.

अंगारा आता दोन्ही वेळ लावतो. कपाळभर.

२९ ऑक्टो.
अण्णा नगरच्या बालरोगतज्ज्ञांकडे. बाई शांत आहेत. पाठ पाहिली, पोट पाहिलं. मग विचारलं, "घरात कुणी केस वाढायला औषध लावतं का? लोशन, स्प्रे, काहीही?"
मनी म्हणाली, "नाही. आई फक्त खोबरेल लावते."
माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. मी फाइल धरून बसलो होतो.

रक्त तपासायला सांगितलं, पोटाची आणि हृदयाची सोनोग्राफी. नर्सला शीर सापडेना. तीनदा सुई टोचली. पाय मी धरले होते.

३० ऑक्टो.
कारखान्यात ज्या भिंगाने तयार सुटे भाग तपासतो, त्याने बाटलीच्या खोक्यातला कागद वाचला. मुलांपासून दूर ठेवा. लावल्यावर हात धुवा.
बाटली दूरच ठेवली होती, देवाच्या खणात. बोट मात्र

औषध बंद. अनूला घेत नाही, मला सर्दी झालीय म्हणून सांगितलं. दिवा लावला की ती माझ्याकडे झेपावते.

६ नोव्हें.
रिपोर्ट सगळे ठीक. कारण काही सापडत नाही. मंगळवारी झोपेचं इंजेक्शन देऊन मोठा स्कॅन करायचा.

जावयांचा फोन आला. मनी नुसतं "बरं" म्हणत होती. ठेवल्यावर सांगितलं, कारण कळेपर्यंत इकडेच राहा, असं त्यांची आई म्हणते. मग मला विचारते, "बाबा, मी काय खाल्लं असेन हो?"
देवापुढे बसलो. स्तोत्राची पहिली ओळ आठवेना. गावच्या शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेली.

१० नोव्हें.
मनी अनूला घेऊन गच्चीवर गेली तेव्हा सौ.पुढे बाटली ठेवली. तिचे कणकेचे हात तसेच परातीत.
"कधीपासून?"
सांगितलं.
"डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथंच होता ना?"
हो म्हणालो.
कणीक मळून संपवली. मग म्हणाली, "बाटली माझी म्हणून सांगते उद्या. बायकांचेही केस जातात, कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही बोलू नका. नवऱ्याकडचं असं झालंय, त्यात पोरीला तुमचा तरी आधार राहू दे."
हात धुतले आणि बाटली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.
मी नको म्हणालो नाही.

११ नोव्हें., मंगळवार
दवाखान्यातून, फाइलच्या मागच्या कागदावर. आमचं टोकन नऊ. आत सात आहे.

इंजेक्शनसाठी सकाळपासून अनूचं दूध बंद. रडून रडून आवाज बसलाय. मनीच्या हातात ती गोळ्यांची वही, डॉक्टरांना दाखवायला. आज माझे केस विंचरताना टाळूवरचे बोटांना लागले. दाट आलेत.

अनूने माझ्याकडे हात केले. मी हात पाठीमागे घेतले. मनी म्हणाली, "घ्या ना बाबा. तुमच्याकडेच गप्प होते ती."

सौ. पर्स पोटाशी धरून बसलीय. मी पर्सकडे उजवा हात पुढे केला. ती मान हलवते, नको म्हणून. मनी आमच्या दोघांकडे बघतेय.

आठवं टोकन आत गेलं. हात मी मागे घेतलेला नाही. डाव्या हाताने लिहिणं जमत