गुडघ्यांची जाहिरात

४ जानेवारी
फिजिओथेरपिस्टची नोकरी संपल्यावर सुनयनाने आमच्या वाशीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गुडघेदुखीचा वर्ग काढलाय. पाचच बायका येतात. महिनाअखेर दहाजण झाले नाहीत तर सेक्रेटरी हॉल झुंबावाल्यांना देणार. ती गप्प गप्प असते. मी म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस, गुगलवर जाहिरात मी टाकतो. मार्केटिंगचे व्हिडिओ पाहिलेत. म्हणजे आता येतंच.

५ जानेवारी
जाहिरात लागली : 'व्यायाम करा, जिना हसत चढा.' मलाच चढावासा वाटला.

९ जानेवारी
एकच क्लिक. तो माझा.
व्हिडिओत सांगतात, माणूस फायद्यापेक्षा नुकसानीकडे आधी बघतो. वाक्य फिरवलं : 'आज दुर्लक्ष, उद्या व्हीलचेअर.' सुनयना म्हणाली, "अहो, लोकांना घाबरवताय कशाला?" तिला मार्केटिंग कळत नाही.

१२ जानेवारी, दुपार
फोन आला. नावड्याहून बाबासो म्हणून गृहस्थ. व्हीलचेअर केवढ्याला, म्हणाले. मी वर्गाबद्दल समजावलं. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. घडीची मिळंल का?"
लक्ष वेधलं गेलं, हे महत्त्वाचं.

१५ जानेवारी
अजून दोघांना व्हीलचेअर हवीय. रिस्पॉन्स वाढतोय.

२० जानेवारी
सुनयना हल्ली रोज सकाळी बागेत जाते. जाहिरातीत अजिबात रस घेत नाही. सगळं माझ्यावर.

२६ जानेवारी
वर्गात नऊजणी झाल्या. जाहिरात लागू पडली. नव्या आलेल्या राहीबाईंना विचारलं, कुठलं वाक्य भिडलं? म्हणाल्या, "कसलं वाक्य? ताईंनी बागेत बाकावरून उठायला शिकवलं, म्हनून आले."
लोक गुगलला श्रेय देत नाहीत.

२९ जानेवारी
सकाळी चप्पल काढायला वाकलो आणि उजवा गुडघा कटकन वाजला. उभं राहवेना. भिंतीला धरून फोनवर 'गुडघेदुखी वाशी' टाकलं, झरझर खाली गेलो, एका दवाखान्याचा नंबर काढला.
सुनयनाने फोन घेतला आणि पान परत वर सरकवलं. सगळ्यात वर माझीच व्हीलचेअर.
"ही दिसली नाही?"
मी सवयीने म्हणून गेलो, "जाहिराती कोण बघतं?"
तिने फोन माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाली, "दहावे तुम्ही."

३१ जानेवारी
हॉल राहिला. मी मागच्या रांगेत, खुर्चीवरून उठायला शिकतोय. राहीबाईंनी दोनदा सांगितलं, पाठ सरळ ठेवा.