संध्याकाळची नोंद दुपारीच

१ सप्टेंबर
आज रुजू झाले. भोपाळजवळच्या मिसरोदचं हे हॉस्पिटल जुनं, इमारत मात्र नवीकोरी. माझं काम, कागदी केसपेपर बंद करून रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणणं. इनचार्ज लीलावती सिस्टर भोपाळच्याच मराठी. म्हणाल्या, ताई, आमचं अक्षर वाचून डॉक्टरांना चष्मे लागले, आता तुम्हीच वाचवा त्यांना. पोहे-जिलेबी खाऊ घातली. इथे रमेन मी.

१६ सप्टेंबर
सिस्टर संध्याकाळच्या नोंदी दुपारीच लिहून ठेवतात. ताप, नाडी, झोप, सगळं. विचारलं तर हसल्या. शामको टाइम कुठे मिळतो, आत्ताच निपटवून टाकते. फरक पडला तर खोडते. मी नियम ठरवला, नव्या सिस्टीममध्ये लिहिलेलं खोडता येणार नाही. म्हणजे सवय आपोआप मोडेल. सिस्टरनीही मान डोलावली.

११ नोव्हेंबर
सवय मोडली नाही. तरी एकही नोंद चुकत नाही. चार नंबरचे आजोबा सकाळपासून कण्हत होते. त्यांच्या नावावर दुपारीच ‘शांत झोप’ लिहिलेलं. संध्याकाळी पाहिलं तर झोपलेले. जरा जास्तच गाढ. सिस्टर म्हणाल्या, खोडता येत नाही ना ताई, मग जमवून घ्यावं लागतं.

१४ नोव्हेंबर
जमवून म्हणजे काय?
आजोबा काल संध्याकाळी गेले. तशी नोंद काल दुपारचीच आहे.
संचालकांना म्हटलं, नियम मागे घ्या. ते म्हणाले, इतक्या स्वच्छ नोंदी इथे कधीच नव्हत्या. मी पोलिसांकडे गेले तरी काय दाखवू? सगळं बरोबरच आहे.

२६ नोव्हेंबर
नागपूरहून आलेल्या आईच्या पोटात असह्य कळा. पित्ताशय. मी पोचायच्या आत नवऱ्यानं, अभिजीतनं, तिला इथेच भरती केलं. तुझंच हॉस्पिटल ना, म्हणाला.

२७ नोव्हेंबर, दुपार
ऑपरेशन नीट झालं. आई बोलते आहे, चहा मागते आहे.
आत्ता स्क्रीन पाहिली. आईच्या नावावर संध्याकाळी सहाची नोंद — हाकेला ओ देत नाही. शेजारी नातेवाईक नाही.
खोडता येत नाही. माझाच नियम —

साडेपाच
उठणार नाही. आईचा हात माझ्या हातात. बाहेरची ॲम्ब्युलन्स बोलावली, ती गेटवरच अडवली म्हणे. अभिजीतचा फोन लागत नाही. सिस्टर सलाइन बदलायला आल्या — हात लावू दिला नाही. मायेनं म्हणाल्या, दो मिनिट बाहेर बसा, ताई.
नाही म्हटलं. गेल्या.
परत पावलं. एकटीची नाहीत —
आई विचारते, कोण आलं गं. मी हात सोडणार ना