मागाचं तेल

२ फेब्रुवारी, रविवार
निपाणीहून मेहुण्याचा, रवळूचा फोन. सासूबाईंनी अंथरूण धरलंय. सारखं ‘इंदू कधी येतीया’ विचारतात. ही लगेच बसने निघाली होती. मी थांबवलं. दारात स्वतःची गाडी असताना बसने? माझे साड्यांचे माग भंगारात गेल्यापासून रवळू मला तसाही बिनकामाचा समजतो. गाडीनेच जायचं. आधी इंजिन ऑइल बदलायचं. गाडी जुनी आहे, घाई नको.

५ फेब्रुवारी
ऑइलचा अभ्यास सुरू. मोबाइलवर एकजण म्हणतो, जुन्या इंजिनाला घट्ट ऑइल घाला. दुसरा म्हणतो, घट्ट घातलं की सकाळी इंजिन कोरडंच फिरतं. गाडीचं पुस्तक तिसरंच सांगतं. खडेबाजारातल्या दुकानदाराने, कुठलं देऊ, असं मलाच विचारलं. तसाच परत आलो. ही बॅग भरून बसली आहे. रिकामी कर म्हटलं. केली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
जाणं रद्द. अभ्यास अपुरा. हिने विचारलं, ‘तेलच घालायचं हाय न्हवं, का लगीन ठरवायचं हाय?’ असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
निर्णय! शेडमध्ये मागाच्या तेलाचा डबा पडून आहे. सगळी हयात त्यावर माग चालवले, एकही जाम झाला नाही. विकावे लागले ते तेलामुळे नव्हे. मशीन ते मशीन. जुनं काळंकुट्ट ऑइल स्वतः काढलं, हे ओतलं. कसं पाण्यासारखं स्वच्छ! ही म्हणाली, गॅरेजच्या मष्णूला एकदा विचारा. मी म्हटलं, त्याने जन्मात कधी साडी विणली आहे का?

१५ फेब्रुवारी
वडगावातल्या वडगावात ट्रायल. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. वायरिंग जुनं झालं की असं होतं. त्यावर हिची टिकली चिकटवली. प्रॉब्लेम सॉल्व्ह. उद्या रवळूच्या दारात जाऊन हॉर्न वाजवणार. लांब वाजवणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
निपाणीच्या वाटेवर वंटमुरी घाटात आधी खडखड, मग धूर, मग काहीच नाही. इंजिन जाम. मी म्हटलं, चढ फार आहे. हिने नखाने टिकली काढली. खाली दिवा लागलेलाच होता. भांडली असती तर बरं झालं असतं. बॅग घेऊन उतरली, निपाणीच्या बसला हात केला आणि गेली. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

१८ फेब्रुवारी
हिचा फोन. सासूबाईंनी ओळखलं नाही. ‘ही कोण बाई?’ म्हणाल्या. गुरुवारपर्यंत हिचंच नाव घेत होत्या म्हणे. मी म्हटलं, इंजिन खोललं की न्यायला येतो. ही म्हणाली, ‘येऊ नगासा. बस हाय.’

दुपारी भंगारवाला आला. माग नेले तोच. घाटातून ओढून आणलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली. डब्यात उरलेलं तेलही नेऊ का म्हणाला. मी नाही म्हटलं. चांगलं तेल आहे.